कोण किती वीज खातं? मीटरलाच विचारूया



रेडिओवर आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन कशाबद्दल येतात, सांगा पाहू? पाऊस नाही, बाजारभाव नाही, लाईट बिल. "ताई, घरात दोन पंखे आणि चार दिवे, तरी एवढं बिल आलंच कसं?" असं एकीनं विचारलं की दुसऱ्या दिवशी दहा जणी तेच विचारतात. आणि बिल वाढलं की घरात बोट कोणाकडे दाखवतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. सुनेचा मिक्सर, बाईची घरघंटी, शिलाई मशीन, नाहीतर पोरांचा मोबाईल. खरं कोण खातं, ते मात्र कोणी मोजलेलं नसतं.

आज आपण मोजायला शिकणार आहोत. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. आपला मीटर, एक मोबाईल, वही-पेन आणि मदतीला एक शेजारीण, एवढं पुरतं.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक उपकरणावर वॉटचा आकडा लिहिलेला असतो, इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षराच्या आधी. १००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज लागते. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब दहा तास चालला तरी एकच युनिट. म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार आहे: वॉट किती आणि तास किती. आपण बहुतेक वेळा पहिलीच पाहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आवाज ऐकून ठरवतो. मिक्सर सगळ्या आळीला ऐकू जातो, म्हणून तोच गुन्हेगार! पण ७५० वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तर महिन्याला पावणेचार युनिटच्या आसपास जातात. डोक्यावरचा जुना पंखा ७५ वॉटचा, मिक्सरच्या दहावा हिस्सा. तो रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. गोठ्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब रोज सहा तास जळत असेल तर १८ युनिट. तिथं ९ वॉटचा एलईडी लावला तर दोन युनिटसुद्धा नाहीत. मोबाईलचं तर विचारूच नका. पूर्ण रिकामा मोबाईल चाळीसेक वेळा चार्ज केला तर कुठं एक युनिट होतं. पोरांना मोबाईलवरून रागवायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत, लाईट बिलाचं नको.

आता उपकरणावर लिहिलेला आकडा नेहमी खरा धरता येतो का? पंखा जुना झालेला असतो, लेबल पुसलेलं असतं, मोटर पुन्हा भरून आणलेली असते. घरघंटीवर '१ एचपी' एवढंच लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण तेवढी ताकद बाहेर द्यायला मोटर आत त्याहून जास्त वीज घेते. म्हणून मोजायचं.

मोजायची खूण मीटरवरच आहे. मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. वीज जास्त चालू असली की भराभर, कमी असली की सावकाश. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा असतो आणि पुढे 'आयएमपी/केडब्ल्यूएच' ही इंग्रजी अक्षरं. ३२०० लिहिलं असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही घरांत अजून चकती फिरणारे काळे मीटर आहेत. त्यावर चकतीच्या किती फेऱ्यांना एक युनिट तेही लिहिलेलं असतं. तिथं दिव्याऐवजी फेऱ्या मोजा.

दुपारची, घर रिकामं असण्याची वेळ निवडा. एक जण मीटरपाशी, एक जण घरात. घरातली सगळी बटणं बंद करा. फ्रिजचंही. दार उघडलं नाही तर अर्धा तास बंद राहून त्याला काही होत नाही. इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, देवघरातला छोटा दिवा, पाण्याची मोटर, काही विसरू नका. आता मीटरकडे बघा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. काही मीटरमध्ये तो अशा वेळी सतत पेटलेला राहतो, त्याला हरकत नाही. उघडझाप व्हायला नको, एवढंच.

थांबला? मग एकच पंखा पूर्ण वेगात लावा आणि मोबाईलवर पाच मिनिटं लावून उघडझाप मोजा. मीटर ३२०० चा असेल तर जो आकडा येईल त्याला पावणेचारने गुणा. तेवढे वॉट. वीस वेळा लुकलुकला तर वीस पावणेचार पंचाहत्तर, म्हणजे ७५ वॉटचा पंखा. आमच्यातल्या ज्यांना पावकी-पाऊणकी पाठ आहे त्यांनी हे वहीशिवायच केलं आणि शाळेत शिकणाऱ्या मुली कॅल्क्युलेटर शोधत बसल्या! मीटर १६०० चा असेल तर साडेसातने गुणायचं. वेगळाच आकडा असेल तर १२,००० ला त्या आकड्याने भागा. जे येईल तो तुमचा गुणक. तो मीटरच्या पेटीच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवा, दर वेळी हिशोब नको.

पंखा बंद करा, टीव्ही लावा. मग कूलर, मग मिक्सर. एका वेळी एकच. जोरकस उपकरणाला पाच मिनिटं मोजवत नाहीत, डोळे शिणतात. एक मिनिट मोजा आणि पाचपट करा. उलट सेट टॉप बॉक्ससारख्या बारक्या वस्तूला पंधरा मिनिटं द्या. तेव्हा ३२०० च्या मीटरवर उघडझापीचे सव्वापट केले की वॉट मिळतात. ही बारकी वस्तू मोजाच. रिमोटने टीव्ही बंद केला, पडदा काळा झाला, की आपल्याला वाटतं सगळं बंद. पण बऱ्याच घरांत बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतो. पंधरा मिनिटांत आठ वेळा दिवा लुकलुकला तर ते १० वॉट झाले. १० वॉट काहीच नाहीत, पण रात्रंदिवस महिनाभर चालले की सात युनिट. वर मिक्सरचे किती सांगितले होते? पावणेचार.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत असेल तर? ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आधी काही लागलेलं राहिलं आहे का ते पुन्हा पाहा, प्लगसुद्धा काढा. तरीही चालू असेल तर मेन स्विच पाडा. मेन पाडल्यावर थांबला, याचा अर्थ घराच्या वायरिंगमध्ये कुठं तरी वीज झिरपते आहे. ओली भिंत, उंदरानं कुरतडलेली वायर, पत्र्याला घासलेली वायर. बिल वाढतंच, पण त्याहून मोठी भीती शॉक बसण्याची आहे, म्हणून त्याच दिवशी वायरमन बोलवा. मेन पाडूनही थांबला नाही तर मीटर आणि मेन स्विचच्या मधून कोणी तरी वायर जोडली आहे किंवा तिथली वायर खराब आहे. अशा वेळी स्वतः काही उचकू नका. मीटरच्या सीलला हात लावू नका. वीज कार्यालयात लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. मीटरच पळतो अशी खात्री वाटत असेल तर शुल्क भरून मीटर तपासून मागता येतो, आणि तिथं दाद मिळाली नाही तर २००३ च्या वीज कायद्यानुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. फक्त जाताना वही घेऊन जा. "बिल जास्त येतं" या वाक्याला कोणी विचारत नाही. "सगळं बंद असताना अमुक तारखेला पंधरा मिनिटांत इतक्या वेळा दिवा लुकलुकला" या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

काही उपकरणं मात्र पाच मिनिटांच्या मोजणीत फसवतात. फ्रिज आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो. चालू असताना मोजलं तर फार दिसतो, बंद असताना शून्य. इस्त्रीचंही तसंच, तापली की तिची वीज तुटते, निवली की जुळते. फ्रिजसाठी एक युक्ती आहे. रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. रात्री चालू असलेले पंखे आपण मोजलेलेच आहेत. त्यांचे युनिट वजा केले की राहिलं ते बहुतेक फ्रिजचं. पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्ट असे आकडे एकामागून एक येतात, त्यातला 'केडब्ल्यूएच' लिहिलेला तेवढा घ्यायचा. तोही दशांशासकट, नाहीतर एका रात्रीत काही हललेलंच दिसणार नाही. नवा फ्रिज घ्यायचा असेल तर त्याच्यावरच्या ताऱ्यांच्या लेबलकडे बघा. हे लेबल केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं असतं आणि ताऱ्यांबरोबर वर्षाला किती युनिट लागतील तेही त्यावर छापलेलं असतं. दुकानदार तारे दाखवतो, आपण युनिट वाचायचे. छताच्या पंख्यांवरही १ जानेवारी २०२३ पासून हे लेबल सक्तीचं झालं आहे. बीएलडीसी म्हणून जे नवे पंखे मिळतात ते ३० वॉटच्या आसपास चालतात. घरातले सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो रात्रंदिवस फिरतो, तोच आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

आता पाणी तापवायचा रॉड. हिवाळ्यातलं बिल बहुतेक घरांत हाच वाढवतो, आणि तो गुपचूप काम करतो म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. पंधरा लिटरची बादली गार पाण्यापासून चांगली कढत करायला अर्धा युनिट लागतो. घरात चार बादल्या म्हणजे रोज दोन युनिट, महिन्याला साठ. थोडं पाणी कडकडीत तापवून विसण घाला, नाहीतर बादलीभर पाणी कोमट करा, युनिट जवळपास तेवढेच जातात. फरक पडतो तो तापवण्याचं पाणी मुळातच कमी गार असलं तर. दुपारपर्यंत उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीतलं पाणी आणि पहाटेचं हौदातलं पाणी, दोन्ही एकदा तापवून बघा आणि दिवा मोजा. रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून बघायची सवय मात्र सोडा. आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग हात. आणि बादली प्लास्टिकची हवी, लोखंडी नको.

आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. त्याबद्दल एक समज आहे, की व्होल्टेज कमी असलं की मीटर जास्त पळतो. रॉडच्या बाबतीत उलट होतं. २३० व्होल्टला १५०० वॉट घेणारा रॉड १८० व्होल्टला ९०० वॉटच्या आसपास घेतो. पाणी तापायला वेळ जास्त लागतो आणि शेवटी युनिट साधारण तेवढेच होतात. मोटरचं वेगळं आहे. व्होल्टेज पडलं की घरघंटीची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळू शकते. तेव्हा पडलेल्या व्होल्टेजला दळण काढू नये, ते बिलासाठी नाही, मोटरसाठी.

घरघंटीचा विषय निघालाच आहे तर ज्या गटात आम्ही पहिल्यांदा ही मोजणी केली तिथली गोष्ट सांगतो. एका ताईंनी बँकेच्या कर्जातून घरघंटी घेतली, एप्रिलमध्ये सुरू केली. पुढच्या बिलात ९५ युनिटचे एकदम १६० च्या वर गेले. दीर म्हणाले, "वहिनी, हा धंदा परवडत नाही, विकून टाका." सासूबाईंचंही तेच. ताईंनाही ते खरं वाटायला लागलं होतं. घरघंटी सुरू झाली आणि बिल वाढलं, यात शंका घ्यायला जागाच कुठं होती?

आम्ही मीटरपाशी उभ्या राहिलो. घरघंटी ज्वारी दळत असताना एका मिनिटात दिवा ४८ वेळा लुकलुकला. पाचपट २४०, गुणिले पावणेचार, ९०० वॉट. तासाला आठ किलो दळण निघतं. ताई महिन्याला १२० किलो दळत होत्या, म्हणजे १५ तास. साडेतेरा युनिट. मग बाकीचे कुठं गेले? एप्रिलमध्येच माळ्यावरचा कूलरही खाली उतरला होता. त्याचे पाच मिनिटांत ४८, म्हणजे १८० वॉट. घरघंटीच्या पाचवा हिस्सा. पण तो रोज दहा तास चालत होता. महिन्याला ५४ युनिट. घरघंटी आणि कूलर एकाच महिन्यात आले आणि नाव घरघंटीचं झालं. दिरांनी स्वतः पुन्हा मोजलं. तेवढेच आले.

पण एवढ्यावर गटातली चर्चा थांबली नाही, आणि ते बरं झालं. कारण पैशाचा प्रश्न युनिटपेक्षा थोडा वेगळा आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा दर असतो. १०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो असं पुष्कळ जणी समजतात, तसं नाही. वरचा दर १०१ व्या युनिटपासूनच. मग ताईंच्या घरचे पहिले ९५ युनिट स्वस्तातले, आणि त्यावर चढलेले महागातले कोणाचे? कूलरचे की घरघंटीचे? यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी मत असं पडलं, की धंद्याचा हिशोब करताना धंद्याच्या सगळ्या युनिटना वरचाच दर लावावा. संपूर्ण बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढला तर धंदा कागदावर जास्त फायद्याचा दिसतो आणि खरा खर्च घरावर पडतो. दर काढताना बिलावरचा वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क धरा. स्थिर आकार सोडा, तो घरघंटी नसली तरी भरावाच लागतो.

समजा असा दर १२ रुपये निघाला. साडेतेरा युनिटचे १६२ रुपये. १२० किलोला १६२, म्हणजे किलोमागे एक रुपया पस्तीस पैसे विजेचे. ताई किलोला सहा रुपये घेत होत्या, महिन्याचे ७२० झाले. वीज जाऊन ५५८ उरले. त्यातून कर्जाचा हप्ता, जाळ्या आणि दुरुस्ती, आणि स्वतःचा पंधरा तासांचा वेळ. म्हणजे प्रश्न विजेचा नव्हताच, दळण कमी येत होतं. हे कळल्यावर ताईंनी घरघंटी विकली नाही, शेजारच्या वस्तीवरून दळण मिळवायला सुरुवात केली.

मसाला, पापड, शेवया करणाऱ्या गटांनी दर ठरवताना असाच हिशोब मांडावा. काम सुरू करण्याआधीचं रीडिंग, संपल्यावरचं रीडिंग, आणि मधल्या वेळात त्या मीटरवर दुसरं काही चालू नको. ४१२.६ वरून ४१५.८ झालं तर ३.२ युनिट, आणि तेवढ्यात ४० किलो मसाला निघाला तर किलोमागे ०.०८ युनिट. ब्लाउज शिवणाऱ्या मैत्रिणी एक गोष्ट हमखास विसरतात. त्या शिलाई मशीनच्या मोटरची वीज धरतात, जी १०० वॉटच्या आसपास असते, आणि इस्त्री धरतच नाहीत. खरी वीज इस्त्रीत जाते. शक्य असेल तर सगळे कपडे शिवून झाल्यावर एकदम इस्त्री करा. प्रत्येक ब्लाउजला इस्त्री नव्याने तापवली तर ती तापवण्याचीच वीज जास्त होते.

उघडझाप मोजायचा कंटाळा असेल तर बाजारात प्लगमध्ये बसवायचा छोटा वॉटमीटर मिळतो. तो भिंतीच्या बोर्डात, आणि आपलं उपकरण त्याच्यात. वॉट आणि युनिट दोन्ही तोच दाखवतो. फ्रिज आणि इस्त्रीसाठी हा फार सोयीचा. प्रत्येकीनं घ्यायची गरज नाही, गटानं एक घेऊन आलटून पालटून फिरवला तर वर्गणी थोडीच पडते. घेताना तो किती अँपिअरचा आहे ते विचारा. रॉड आणि घरघंटी लावायची असेल तर १६ अँपिअरचाच हवा.

एक शेवटचा प्रश्न, जो फोनवर दबक्या आवाजात विचारला जातो: "घरच्या मीटरवर धंदा केला तर दंड होतो का?" महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात यासाठी तरतूद केलेली आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल तर त्याला घरगुतीच दर लागतो. चालू वर्षाच्या दरपत्रकातला मजकूर वीज कार्यालयात दाखवून मागा, आणि तिथं जाण्याआधी वर्षभराची बिलं काढून त्यावरचे युनिट एकाखाली एक लिहून बेरीज करून ठेवा. बिलाच्या मागच्या महिन्यांच्या तक्त्यात ते सगळे छापलेले असतात.